भंडाऱ्याचे पितळ आणि लोण्याची बेरी

नागपुराहून पूर्वेकडे निघालेला हमरस्ता मौद्यापाशी कन्हान नदी ओलांडतो आणि तेथून पुढे हळूहळू देशाचा रंग पालटू लागतो. कपाशीची काळी राने मागे पडतात व धानाच्या बांध्या सुरू होतात. आम्ही गेलो ते दिवस मार्गशीर्षाचे होते. धान कापून झाले होते, खळ्यांवर पुंजणी रचलेली होती, आणि धान उभे असतानाच ओल्या जमिनीत फेकलेली लाखोरी आता धसकटांतून हिरवीगार वर आली होती. साठएक किलोमीटरांचा हा रस्ता मोटारीने सहज संपतो. आगगाडीने येणारास मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी: ‘भंडारा रोड’ हे स्थानक भंडाऱ्यात नाही. ते वरठीस आहे, आणि तेथून गावात यावयास पुन्हा वाहन करावे लागते.

गाव वैनगंगेच्या पश्चिम तीरावर वसलेले आहे. पूल ओलांडला की पलीकडे कारधा. रतनपूरच्या इ. स. ११०० च्या शिलालेखात ‘भानारा’ असे जे नाव येते ते याच गावाचे, असे जाणते लोक सांगतात. आपल्या भाषेत ‘भाणे’ म्हणजे ताट किंवा भांडे. गावास नाव भांड्यांवरून पडले, की नावास साजेल असा धंदा गावाने मागाहून पत्करला, हा वाद आम्ही भाषापंडितांकडे सोपवितो. इतके मात्र खरे की, पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहे, आणि विदर्भातील कित्येक जुन्या घरांतील घंगाळी, पातेली, गुंड व परातींचे माहेर भंडाऱ्यातच आहे. स्टील व ॲल्युमिनियम स्वयंपाकघरात शिरल्यापासून या धंद्याची पूर्वीची भरभराट उरली नाही. तरी कासारांच्या गल्लीत अजून ठोक्यांचा आवाज ऐकू येतो, आणि आमच्या या लेखाचा अर्धा विषय त्या आवाजाशी जोडलेला आहे.

तलावांबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी या मुलखात जागोजाग बांध घालून तलाव बांधले, त्यांच्या पाण्यावर धान पिकविले आणि ऊसही लावला. हे मालगुजारी तलाव जिल्ह्याची खरी दौलत होत. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नवेगावबांधासारखे नामांकित जलाशय तिकडे गेले. पण भंडाऱ्याच्या वाट्यास राहिलेले तलावही थोडे नाहीत, आणि खुद्द शहरात खांब तलाव आहेच. प्रवाशाने सायंकाळी तेथे अवश्य जावे. आमची मात्र तेथे एकच सायंकाळ गेली. उरलेले दिवस एका माजघरात आणि त्यामागील अंगणात गेले, व त्याचा आम्हांस मुळीच खेद नाही.

ज्या घरी आम्ही उतरलो होतो ते आमच्या सोयऱ्यांचे. तीन भाऊ, त्यांची मुलेबाळे आणि सर्वांच्या वर माई. माईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे, दृष्टी अधू झाली आहे. पण घरातील दुधाचा कारभार अद्यापि त्यांच्याच हाती आहे. रोजची साय काढणे, तिला विरजण लावणे, आठव्या दिवशी पहाटे ताक करून लोणी काढणे आणि तूप कढविणे, ही कामे त्या दुसऱ्या कोणास करू देत नाहीत. फार तर रवीची दोरी सुनांच्या हाती देतात. बाजारात तुपाचे डबे मिळू लागून कितीतरी वर्षे लोटली. पण त्या तुपास त्या ‘डब्यातलं’ एवढेच म्हणतात, आणि तो शब्द उच्चारण्याच्या रीतीतच सारा अभिप्राय येऊन जातो.

त्याच सुमारास त्यांची एक नात अमेरिकेहून सुटीस आली होती. तिने येताना चॉकलेटाच्या चार वड्या, कोकोचा एक डबा आणि एक कृती आणली होती. तिकडे ज्यास कुकी म्हणतात ती घरगुती बिस्किटे तिला सर्वांसाठी करावयाची होती. चॉकलेटाचे तुकडे घातलेली ही बिस्किटे अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात निघाली. मॅसॅच्युसेट्स प्रांतातील व्हिटमन गावी टोलहाऊस नावाचे एक खानावळवजा विश्रांतिगृह होते. ते चालविणाऱ्या रूथ वेकफील्ड या बाईंच्या हातून ती प्रथम तयार झाली आणि पुढे त्या देशात घरोघर गेली. नातीच्या कृतीत मात्र एक विशेष होता. लोणी नुसते वितळवून न घालता ते तांबूस होईपर्यंत परतून घ्यावे, म्हणजे बिस्किटास भाजलेल्या बदामासारखा वास येतो, असे तीत म्हटले होते. फ्रेंच आचारी अशा लोण्यास ‘बर नोआझेत’ म्हणतात. नोआझेत हे तिकडील एका कवचीच्या फळाचे नाव.

नात चुलीपाशी उभी राहून मोठ्या कौतुकाने हे करू लागली. बाजूस पाटावर माई बसल्या होत्या. त्यांना धड दिसत नव्हते, परंतु वास आला मात्र, त्या म्हणाल्या, “अगं, ही तर बेरी करून राहिली तू! इतक्या दूर जाऊन बेरीच शिकून आली का?”

सगळे हसले. आम्हांस मात्र या बोलण्यात हसण्यापलीकडे काही आहे असे वाटले, आणि तसे ते निघालेही. लोणी कढविताना तळाशी जो तांबूस, चिकट, खरपूस गाळ बसतो ती बेरी. आपल्यापैकी ज्यांचे बालपण तूप कढविणाऱ्या घरात गेले त्यांना त्या पातेल्याभोवती जमलेली भावंडे आणि साखर घालून हातावर मिळणारी ती चिमूटभर मिठाई आठवत असेलच. तुपाच्या दृष्टीने बेरी म्हणजे टाकाऊ भाग. तूप गाळून घेतले की मागे राहील तो मुलांचा. फ्रेंच आचाऱ्याने आणि त्या अमेरिकन कृतीने एवढेच केले की तूप व बेरी वेगळी होऊ दिली नाहीत. आपण तुपासाठी बेरीचा त्याग करतो, आणि तो योग्यच आहे, कारण बेरी राहिलेले तूप टिकत नाही. बिस्किटास महिनोन् महिने टिकावयाचे नसते. तेथे सारा स्वाद बेरीचाच.

हा स्वाद येतो कोठून, हे थोडे सांगितले पाहिजे. लोण्यात सुमारे चार-पंचमांश स्निग्धांश असतो. बाकी बहुतेक पाणी, आणि अगदी थोडासा भाग दुधातील प्रथिनांचा व दुग्धशर्करेचा. लोणी चुलीवर ठेवले की प्रथम पाणी उकळू लागते. पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जाऊ शकत नाही, म्हणून त्या वेळी लोणी फसफसते, तडतडते, पण करपत नाही. पाणी संपले की आवाज मंदावतो आणि उष्णता भराभर चढू लागते. मग तळाशी बसलेली प्रथिने व साखर यांचा संयोग होऊन तांबूस रंग व शेकडो प्रकारचे सुगंधी पदार्थ उत्पन्न होतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले कॉफीचे बी, परतलेला रवा, या सर्वांच्या खमंगपणाचे मूळ हेच. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. माईंना मायार ठाऊक नाही. पण आवाज थांबला की चुलीपासून हलू नये, हे त्यांनी सुनांना शिकविले आहे, आणि शास्त्र याहून अधिक काही सांगत नाही.

नातीचे पहिले लोणी बाजारातील होते व ते काळ्या लोखंडी कढईत कढविले होते. तळ काळा असल्याने बेरीचा रंग दिसेना, आणि दिसला तेव्हा ती करपून गेली होती. माईंनी मग आपले पातेले काढावयास सांगितले. हे पातेले भंडारी पितळेचे, जाड बुडाचे, माईंच्या सासूबाईंच्या वेळचे. आतून नुकतीच कल्हई केलेली असल्याने ते चांदीसारखे लखलखत होते. अशा पातेल्यात बेरी प्रथम गव्हाळ, मग मधासारखी, मग बदामाच्या सालीसारखी होताना स्पष्ट दिसते, आणि नेमक्या क्षणी पातेले उतरविता येते. पाश्चात्य पाकपुस्तके फिकट रंगाच्या बुडाचे भांडे घ्यावे असे सांगतात ते याचसाठी. शिवाय पितळेतून उष्णता स्टीलपेक्षा कितीतरी लवकर व सारखी पसरते, त्यामुळे एके जागी जळून दुसरीकडे कच्चे राहण्याचा प्रसंग येत नाही. उतरविल्यावरही जाड बुडातील उष्णता काही वेळ काम करीत राहते. म्हणून हवा त्याहून एक छटा आधीच उतरवावे आणि लगेच दुसऱ्या गार भांड्यात ओतून घ्यावे. ओतताना तळ खरवडून घ्यावयास विसरू नये. तीनशे ग्रॅम लोण्यातून बेरी निघते ती जेमतेम चमचाभर.

येथे एक लहानसा वाद झाला, आणि तो आमच्या मते या सर्व प्रकरणातील अत्यंत उपयुक्त भाग होता. माई लोणी तीन पाण्यांनी धुतात. तूप टिकावयाचे तर लोण्यातील ताकाचा अंश निघून गेला पाहिजे, हा त्यांचा नियम, आणि तो अगदी बरोबर आहे. पण बेरी होते ती त्या ताकाच्या अंशातूनच! तीनदा धुतलेल्या लोण्याची बेरी नावापुरती निघते. हे धाकट्या सूनबाईंच्या ध्यानात आले. त्यांनी भीत भीत सुचविले की, बिस्किटांपुरते लोणी एकाच पाण्याने धुवावे. माई काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुपाचं लोणी वेगळं काढून ठेव. ह्याला एकच पाणी दे.” त्या घरात माईंच्या दुधाच्या नियमास लागलेला हा पहिलाच अपवाद होता, असे थोरल्या वहिनींनी आम्हांस मागाहून हळूच सांगितले.

खरी अडचण पुढेच होती. कृतीत अंडी होती. त्या घरातील तरुण मंडळी बाहेर काय खातात याची चौकशी कोणी करीत नाही. पण माईंच्या चुलीवर अंडे चढलेले नाही आणि चढणारही नव्हते. अंड्याऐवजी घट्ट दही घालता येते, हे नातीला ठाऊक होते. तेवढ्याने ते काम भागले. पण धाकट्या सूनबाईंच्या खोलीत जी विजेची भट्टी आहे तीत पूर्वी मुलांच्या वाढदिवसाचे अंड्याचे केक भाजले गेले होते. त्या भट्टीतील पदार्थ माई तोंडात घालणार नाहीत, हे सर्वांना न सांगता कळत होते. मुलांपैकी एकाने युक्तिवाद आरंभिला की, भट्टी धुऊन-पुसून स्वच्छ आहे, इतक्या उष्णतेत काय शिल्लक राहते, वगैरे. नातीने त्यास थांबविले. ती म्हणाली, “आजीला वेगळं ताट नको. एकच घाणा करू, आणि सगळ्यांनी त्यातलंच खायचं.”

हा प्रश्न काही आजचा नाही. बिस्किटाने आपल्या समाजात पूर्वीही पुष्कळ वादळ उठविलेले आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळकही होते. पुढे त्यांची नावे छापून प्रसिद्ध झाली आणि जे ग्रामण्य माजले, ते शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले. ज्या पिढीने हे पाहिले तिच्या नातवंडांनी पुण्याच्याच साठे बिस्किट आणि चॉकलेट कंपनीची बिस्किटे चहात बुडवून खाल्ली, आणि ती करणाराचे आडनाव वाचून घरातील वडीलधाऱ्यांचाही विरोध पुष्कळ मावळला असावा, असा आमचा तर्क आहे. नानकटाईस तर आपण आपलीच मानतो. वस्तुतः तिचे मूळ सुरतेच्या भट्ट्यांत आहे, डच वखारीपर्यंत तिचा संबंध सांगतात, आणि तिच्या नावातील ‘खताई’ हा शब्द दूरच्या चीन देशाकडे बोट दाखवितो. कोको मेक्सिकोकडून युरोपात गेला. १८२८ साली हॉलंडात व्हान हौटेन यांनी कोकोतील स्निग्धांश दाबून काढण्याच्या यंत्राचा हक्क मिळविला, म्हणून आज आपल्यास कोकोची भुकटी मिळते. आता तर कोको केरळ, कर्नाटक, आंध्रातही पिकतो, आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यात पुत्तूर येथे सुपारी बागाइतदारांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटाचा कारखाना १९८६ पासून चालू आहे. इतक्या देशांतून फिरून आलेल्या जिनसांनी माईंच्या अंगणात येऊन सोवळ्याची मर्यादा पाळावी, यात आम्हांस तरी काही विपरीत वाटले नाही. घरातील वृद्ध माणसास त्याच्या ताटापासून दूर न सारता नवा पदार्थ करणे थोडे कष्टाचे असते. ते कष्ट त्या मुलीने घेतले.

विजेची भट्टी बाद झाल्यावर वाळूची भट्टी आली. आपल्या आज्या नानकटाई करीत त्याच रीतीने. अंगणात शेगडी पेटविली. मोठ्या लोखंडी कढईत चार बोटे जाडीचा स्वच्छ, चाळलेल्या वाळूचा थर दिला, वर लोखंडी कडे ठेवले, त्यावर ताटली, वर घट्ट झाकण आणि झाकणावर निखारे. येथे पितळेचे पातेले घेऊ नये, हे माईंनी बजावून सांगितले, आणि त्यास भरभक्कम कारण आहे. कल्हई ही कथलाची असते, आणि कथील २३२ अंशांवर वितळते. लोणी कढविताना भांड्याचा तळ तितका तापत नाही. पण कोरडे भांडे वाळूवर किंवा नुसत्या विस्तवावर ठेवले की कल्हई सुटून थेंब थेंब होते. कल्हई गेलेल्या पितळेत दही-ताक ठेवले तर ते कळकते, हे तर सर्वांस ठाऊक आहेच. आणि आपले लोणी विरजलेल्या सायीचे, म्हणून थोडे आंबटच असते.

वाचकभगिनी प्रमाणाविषयी विचारतील, म्हणून जे त्या घरी ठरले ते देतो. घरचे, एका पाण्याने धुतलेले लोणी तीनशे ग्रॅम. ते बेरी बदामी होईपर्यंत कढविल्यावर सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम उरते. ते निवू द्यावे, पण अगदी थिजू देऊ नये. त्यात दीडशे ग्रॅम साखर व शंभर ग्रॅम चिरून बारीक केलेला गूळ घालून चांगले फेसावे. मग चार मोठे चमचे घट्ट दही घालावे. कढविण्यात लोण्याचे पाणी उडून गेलेले असते. ते असे थोडे परत दिले नाही तर पीठ मिळून येत नाही व बिस्किटे भुगा होतात. मैदा पावणेतीनशे ग्रॅम, तांदळाची पिठी साठ ग्रॅम, कोको तीस ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा आणि मीठ चिमूटभर, हे सर्व एकत्र दोनदा चाळून त्यात मिसळावे, आणि मिसळल्यावर फार मळू नये. शेवटी कडसर चॉकलेटाचे दीडशे ग्रॅम जाडसर तुकडे व मूठभर चारोळी.

यातील पिठी, गूळ आणि चारोळी ही भंडाऱ्याची भर आहे. मूळ कृतीत निव्वळ मैदा होता. पण धानाच्या देशात बिस्किट होते आणि त्यात तांदूळ नाही, हे थोरल्या वहिनींना पटेना. त्यांनी सुवासिक चिन्नोराची पिठी काढली, आणि तिने बिस्किटाच्या कडा अशा कुरकुरीत झाल्या की नातीने ती बाब आपल्या वहीत लिहून घेतली. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो, हे त्याचे कारण. अमेरिकेत जी तांबडी साखर घालतात तिच्यात काकवीचा अंश असतो. तिच्या जागी आपला गूळ अधिक चांगला, आणि गुळातील व दह्यातील आंबटपणामुळे सोडाही नीट काम करतो. चारोळी इकडच्या जंगलांतील. कोणी वाळलेली मोहाची फुले मनुकांप्रमाणे घालण्याची सूचना केली होती. मोहफूल गोड असते व पौष्टिकही. परंतु त्याची दुसरी कीर्ती एवढी मोठी आहे की ती सूचना माजघरातच विरून गेली. पुढे कोणी करून पाहावी.

कालविलेले पीठ लगेच भाजू नये. ते झाकून रात्रभर गारठ्यात ठेवावे, म्हणजे पिठात ओलावा मुरतो, तूप थिजते आणि भाजताना बिस्किटे पसरून एकमेकांस चिकटत नाहीत. मार्गशीर्षात भंडाऱ्यास शीतपेटीची गरज नव्हती. खिडकीतील थंडी पुरली. ज्येष्ठात मात्र हा खटाटोप करू नये. तेव्हा येथे लोणी काढावयाचे म्हणजेच रांजणातील गार पाणी घेऊन उजाडण्याच्या आत बसावे लागते. सकाळी लिंबाएवढे गोळे करून, किंचित दाबून, ताटलीत अंतराने मांडावे. वाळू आधी चांगली तापलेली असावी. मग खालचा विस्तव मंद व वरचा थोडा अधिक. अशा भट्टीत पंधरा ते वीस मिनिटे लागतात. विजेच्या भट्टीत पावणेदोनशे अंशांवर बारा-चौदा मिनिटे पुरतील. कडा घट्ट व मध्य मऊ असतानाच ताटली काढावी. गरम बिस्किट हातात घेऊ गेल्यास तुटते. ते दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. कोकोमुळे रंगावरून अंदाज येत नाही. तेथे नाकावर भिस्त ठेवावी लागते, आणि अंगणात नाक होते माईंचे. झाकण न काढता “आता काढा” असे त्या सांगत, आणि पाच घाण्यांत एकही जळला नाही.

परंतु तो दिवस होता एकादशीचा! ही गोष्ट उत्साहाच्या भरात कोणाच्याच लक्षात आली नव्हती. माईंस धान्य चालत नाही. सर्व घर अंगणात उभे राहून खात होते, मुलांच्या हातांना चॉकलेट लागले होते, शेजारच्या घरी बशी गेली होती, आणि जिच्यासाठी भट्टी बदलली, अंडे काढले, ती म्हातारी भगर व दाण्याची आमटी खाऊन हरिपाठास बसली. नात फार हिरमुसली. तिने एक बिस्किटही खाल्ले नाही. आजीसाठी म्हणून तिने दोन बिस्किटे वेगळ्या वाटीत घालून ठेवली.

द्वादशीस पारणे झाल्यावर माईंनी ती वाटी मागितली. अर्धे बिस्किट तोडून त्यांनी ते बराच वेळ जिभेवर घोळविले. त्यांचे दात थोडेच उरले आहेत. मग त्या म्हणाल्या, “बेरी लागते. पण जायफळ पाहिजे होतं.” आणि उरलेले अर्धे नातीच्या हातावर ठेवले. जायफळाची सूचना आम्ही मागाहून करून पाहिली. कोकोशी त्याचे चांगले जमते. वरील प्रमाणास पाव जायफळ किसून घालावे.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी नात, थोरल्या वहिनी आणि आम्ही असे कासारांच्या गल्लीत गेलो. तिला आपल्यासोबत न्यावयास एक पातेले हवे होते. दुकानात पुढे मांडलेली बहुतेक भांडी देवघराच्या व आहेराच्या उपयोगाची, पातळ व चकचकीत होती. म्हाताऱ्या कासाराने विचारले, “कशाले पाहिजे, बाई?” लोणी कढवायला, असे ऐकताच तो उठून आत गेला आणि धूळ बसलेले, जाड बुडाचे एक पातेले घेऊन आला. असे भांडे आता कोणी विचारीत नाही, असे तो म्हणाला. कल्हई करणाराही त्या दिवशी तेथेच भेटला. त्याने पातेले विस्तवावर तापविले, आत नवसागराची पूड टाकली. पांढरा धूर उठला. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते कथील हां हां म्हणता सर्व अंगास फिरविले. पिवळे भांडे क्षणात रुपेरी झाले. आमच्या लहानपणी ही जादू दारोदार येई आणि आम्ही शाळा विसरून ती पाहत बसत असू. हल्लीच्या मुलांना ती दाखवावयाची तर गावोगाव शोध करावा लागतो.

“रिकामं विस्तवावर ठेवू नका,” त्याने बजावले. नातीने मान हलविली, मग विचारले, “पण काका, कल्हई गेली की तिकडे कोण करून देणार?” तो थोडा वेळ पातेल्याकडे पाहत राहिला. नंतर त्याने कथलाचा बोटभर तुकडा व नवसागराची एक पुडी कागदात बांधून तिच्या हाती दिली, आणि जुन्या एका वाटीवर तिच्याकडूनच एकदा कल्हई करवून घेतली. पहिल्या खेपेस ती कडेला जाड व मध्ये विरळ बसली. त्याने ती पुसून पुन्हा करावयास लाविली. पैसे मात्र त्याने पातेल्याचेच घेतले.

नवसागराची पुडी विमानाच्या सामानात नेऊ देतात की नाही, याची घरात चौकशी चालू होती. कोणी म्हणे चालते, कोणी म्हणे धूर निघणारी वस्तू म्हणून अडवतील. आणि माई म्हणत होत्या, पुडी लोणच्याच्या बरणीत घाल म्हणजे कोणी पाहणार नाही. या वादाचा निकाल लागण्यापूर्वीच वरठीस जाणारे वाहन दारात आले, आणि आम्हांस निघावे लागले.